धर्मसुधारणा, धर्मफूट आणि भाषा : न्या. रानडे यांच्या एका तुलनेचा पुनर्विचार

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ हा इंग्रजी ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला. त्यातील महाराष्ट्राच्या संतांवरील प्रकरणात त्यांनी मांडलेली तुलना त्यानंतरच्या मराठी विचारविश्वात एखाद्या सिद्धान्तासारखी रुजली. सोळाव्या शतकातील युरोपात प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेने जे कार्य केले, तशाच स्वरूपाचे धार्मिक, सामाजिक आणि वाङ्मयीन पुनरुज्जीवन दक्षिणेत संतांनी घडवून आणले, असे त्यांचे प्रतिपादन होते. लॅटिनच्या जागी लोकभाषा तशी संस्कृतच्या जागी मराठी. पोपच्या व भिक्षुसंघाच्या सत्तेला शह तसा पुरोहितवर्गाच्या मक्तेदारीला शह. ब्रह्मचर्याच्या आदर्शाऐवजी ल्यूथरने स्वीकारलेला गृहस्थाश्रम तसा एकनाथांचा प्रपंचातील परमार्थ. या साम्यांची मांडणी रानड्यांनी मोठ्या कौशल्याने केली आणि तिच्यातून एक निष्कर्ष काढला : शिवकालीन स्वराज्य हे केवळ तलवारीचे यश नव्हते, त्यापूर्वी दोन-तीन शतके लोकांच्या मनाची मशागत झाली होती. आधी धर्मजागृती, मग भाषेचा उत्कर्ष, मग राष्ट्र, असा तो क्रम होता.

ही तुलना करण्यामागे रानड्यांची स्वतःची गरजही होती, हे विसरून चालणार नाही. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे ते प्रमुख विचारवंत. समाजाची सुधारणा परकी नसून ज्ञानदेव-तुकारामांच्या परंपरेतीलच पुढचे पाऊल आहे, असे दाखवणे त्यांना आवश्यक वाटत होते. दुसरीकडे, मराठ्यांना लुटारू ठरवणाऱ्या इंग्रज इतिहासकारांना त्यांच्याच परिभाषेत उत्तर द्यायचे होते. ‘रिफॉर्मेशन’ या शब्दाइतका इंग्रज वाचकाला आदरणीय वाटणारा दुसरा शब्द सापडणे कठीण होते. तुलनेचे हे प्रयोजन ओळखल्यानंतरही एक प्रश्न उरतो आणि तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला तो टाळता येत नाही. ज्या देशात या धर्मसुधारणेचा उगम झाला, त्या जर्मन देशांत तिने राष्ट्र घडवले काय?

इतिहासाचे उत्तर सरळ नाही. ल्यूथरने जर्मनांना एक भाषा दिली हे बहुतांशी खरे आहे. परंतु त्याच हाताने त्यांच्यात अशी एक भिंत उभी केली की, पुढील तीन शतके ‘जर्मन’ या शब्दाला राजकीय अर्थ प्राप्त होऊ शकला नाही. रानड्यांनी पश्चिम युरोपची धर्मसुधारणा एकसंध घटना म्हणून घेतली. तिच्यातील देणगी त्यांनी पाहिली, फाळणी बाजूला ठेवली. प्रस्तुत निबंधाचा विषय ही बाजूला राहिलेली फाळणी आहे. कारण ती केवळ जर्मनीत राहिली नाही, मराठी मुलखातही आली.

प्रथम जर्मन इतिहासाचा आरंभकाळ पाहणे उपयुक्त ठरेल. ‘डॉइच’ हे जर्मनांचे स्वतःचे नाव ज्या शब्दापासून आले, तो ‘थिओडिस्कुस’ हा लॅटिन शब्द मुळात कोणत्याही वंशाचे किंवा देशाचे नाव नव्हता. त्याचा अर्थ ‘लोकांची’, म्हणजे लॅटिनेतर, बोली. त्याची सर्वांत जुनी ज्ञात नोंद इ. स. ७८६ मधील आहे. इंग्लंडमध्ये भरलेल्या धर्मपरिषदांचा वृत्तान्त पोपला पाठवताना त्याच्या दूताने लिहिले की, तेथील ठराव लॅटिनमध्ये आणि लोकभाषेतही वाचून दाखवण्यात आले. गंमत अशी की, ती लोकभाषा जर्मन नसून जुनी इंग्रजी होती. म्हणजे पुढे एका राष्ट्राचे नाव होऊन बसलेला हा शब्द चर्चच्या दप्तरात, चर्चच्या भाषेहून वेगळी अशी भाषा दाखवण्यासाठी जन्माला आला. मराठीच्या अभ्यासकाला ही कथा अनोळखी वाटू नये. तेराव्या शतकात महानुभाव पंथाने मराठीचा जो आग्रह धरला तो याच स्वरूपाचा होता. नागदेवाचार्यांनी पंथीयांना संस्कृतात रचना करण्यापासून परावृत्त केले ते शास्त्र सामान्य स्त्रियांना, वृद्धांना दुर्बोध होऊ नये म्हणून. आणि पंथाच्या भाष्यपरंपरेत महाराष्ट्राची ओळखही मराठी भाषेच्या आधारेच सांगितली गेली. दोन्ही ठिकाणी प्रदेशाआधी भाषा आली आणि भाषेला नाव मिळाले ते पवित्र भाषेच्या विरोधातून.

तथापि, धर्मग्रंथ लोकभाषेत आला की राष्ट्र घडते, हा निष्कर्ष जर्मन इतिहासाचा आरंभच खोटा ठरवतो. जर्मनिक भाषांमध्ये बायबल प्रथम आले ते ल्यूथरच्या अकरा-बारा शतके आधी. चौथ्या शतकात उल्फिला या बिशपने गॉथ लोकांसाठी लिपी घडवली आणि बायबलचे भाषांतर केले. त्याची सहाव्या शतकाच्या आरंभीची, जांभळ्या चर्मपत्रावर रुपेरी-सोनेरी अक्षरांत लिहिलेली एक प्रत आज स्वीडनमधील उप्साला येथे आहे. परंतु उल्फिला आणि त्याचे अनुयायी एरियन मताचे होते; पुत्र हा पित्याच्या तोडीचा नाही असे मानणारे, आणि म्हणून रोमच्या दृष्टीने पाखंडी. इटलीत व स्पेनमध्ये गॉथांनी राज्ये स्थापली तेव्हा राज्यकर्ते एका चर्चचे आणि रोमन प्रजा दुसऱ्या चर्चची अशी स्थिती निर्माण झाली. इटलीतील त्यांची सत्ता सहाव्या शतकाच्या मध्यास नष्ट झाली. स्पेनमधील गॉथांनी ५८९ च्या तोलेदो परिषदेत रोमचे मत स्वीकारले. त्यानंतर एरियन चर्च गेले आणि त्याच्या आधारावर उभी असलेली ग्रंथभाषाही त्या मुलखातून गेली. उलट फ्रँक राजा क्लोव्हिस याने पाचव्या-सहाव्या शतकाच्या सांध्यावर थेट रोमन चर्चचा बाप्तिस्मा घेतला. त्याच्यापाशी स्वभाषेतील बायबल नव्हते, पण जिंकलेल्या प्रजेशी त्याचे चर्च एक होते. ज्यांच्यापाशी लोकभाषेतील धर्मग्रंथ होता ते गॉथ विरून गेले आणि ज्यांच्यापाशी तो नव्हता त्या फ्रँकांच्या साम्राज्यातून पुढचा जर्मन आणि फ्रेंच देश आकाराला आला. रानड्यांच्या क्रमाला याहून मोठा अपवाद शोधूनही सापडणार नाही.

पुढील शतकांचा आढावा थोडक्यात पुरेसा आहे. ७२३ च्या सुमारास इंग्लंडहून आलेल्या बोनिफेसने गाइस्मार येथील डोनार देवाचा ओक वृक्ष तोडला. ८४३ च्या व्हर्दंच्या तहाने शार्लमेनचे साम्राज्य तीन नातवांत वाटले गेले. ९६२ मध्ये ओटो पहिला याला रोममध्ये सम्राटपद मिळाले. या काळात जर्मनभाषक राजे स्वतःला रोमनांचे सम्राट म्हणवत. ‘जर्मन राष्ट्राचे’ हे शब्द साम्राज्याच्या नावात जोडले गेले ते पंधराव्या शतकाच्या अखेरीस आणि १५१२ च्या संसदेत ते अधिकृत झाले. त्याच सुमारास टॅसिटसचा, इ. स. ९८ मधील, ‘जर्मानिया’ हा ग्रंथ पुन्हा सापडून छापला गेला होता आणि मानवतावादी पंडित त्यातील साध्या, शूर, शीलवान जर्मनांमध्ये आपले पूर्वज शोधू लागले होते. राष्ट्र ही कल्पना जेव्हा प्रथमच शब्दबद्ध होत होती, नेमक्या त्याच क्षणी, १५१७ साली, चर्च फुटले.

ल्यूथरचा नवा करार सप्टेंबर १५२२ मध्ये विटेनबर्ग येथे छापला गेला आणि डिसेंबरमध्ये त्याची दुसरी आवृत्ती काढावी लागली. संपूर्ण बायबल १५३४ मध्ये आले. कॅथलिक पक्षाला उत्तर देणे भाग होते. हिएरोनिमस एम्सर याने १५२७ मध्ये आपला नवा करार प्रसिद्ध केला. पण तो बहुतांशी ल्यूथरचाच मजकूर होता, लॅटिन पाठाशी जुळवून घेण्यापुरता दुरुस्त केलेला. १५३० मध्ये भाषांतरावर लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात ल्यूथरने या उचलेगिरीवर चांगलेच तोंडसुख घेतले आहे. भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र ही उचलेगिरी फलदायी ठरली. वेदीसमोर जे एकत्र येऊ शकत नव्हते ते वाक्यरचनेत एकत्र आले. अर्थात हेही पूर्णपणे खरे नाही. दक्षिणेकडील बव्हेरिया-ऑस्ट्रियाच्या कॅथलिक लेखकांनी आपली वेगळी लेखनपद्धती अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकवली. सूर्य या अर्थाचा ‘झोन्न’ शब्द उत्तरेत अन्त्य ‘ए’ लावून ‘झोन्ने’ असा लिहिला जाई, आणि त्या एका स्वराला दक्षिणेत ‘ल्यूथरी ए’ म्हणत. व्याकरणातील एका स्वराला पंथाचे नाव चिकटावे, यावरून फूट किती खोलवर गेली होती याची कल्पना येईल. १५५५ च्या आउग्सबुर्ग करारानुसार प्रत्येक प्रदेशाचा धर्म त्याच्या राजाने ठरवायचा होता. तीस वर्षांचे युद्ध १६४८ मध्ये संपले तेव्हा जर्मनी म्हणजे शेकडो संस्थानांचा आणि तीन मान्य संप्रदायांचा समुच्चय होता.

आता एकनाथांकडे वळावे. परंपरेने त्यांचा काळ १५३३ ते १५९९ मानला जातो. म्हणजे ल्यूथरचे बायबल पूर्ण झाले तेव्हा ते वर्षभराचे होते. रानड्यांनी या दोघांत पाहिलेले साम्य गृहस्थाश्रमाचे आहे. परंतु दोघांच्या ग्रंथकार्याची तुलना केली असता अधिक महत्त्वाचा भेद दिसतो. ल्यूथरने चर्चने प्रमाण मानलेला लॅटिन पाठ बाजूला सारला आणि ग्रीक-हिब्रू मुळांवरून नवा ग्रंथ सिद्ध केला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तीनशे वर्षे जुन्या ज्ञानेश्वरीचे पाठशोधन केले आणि पुढे कोणी तिच्यात आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली. एकाचे कार्य छेदाचे, दुसऱ्याचे सांधण्याचे. ल्यूथरपाशी छापखाना होता. ज्ञानेश्वरी छापली जाण्यास बाळशास्त्री जांभेकरांच्या १८४५ च्या शिळाप्रतीची वाट पाहावी लागली. तोवर ती हस्तलिखितांतून, कीर्तनांतून आणि वारीतून टिकली. वारकरी संप्रदायात धर्मसत्ता नव्हती, म्हणून तिच्यापासून फुटून निघण्याचा प्रश्नही नव्हता. महानुभाव पंथात मात्र संघटना होती, आचार्यपद होते आणि म्हणून फूटही होती. त्याचे अनेक आम्नाय झाले, ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंदिस्त झाले आणि ‘लीळाचरित्रा’सारखा मराठीचा आद्य गद्यग्रंथ बहुसंख्य मराठी वाचकांना विसाव्या शतकापर्यंत अज्ञात राहिला. रानडे जेव्हा आपले प्रकरण लिहीत होते तेव्हा हे वाङ्मय अभ्यासकांच्या हाती जवळजवळ आलेच नव्हते. त्यामुळे मराठी धर्मजीवनात फूट नव्हती हा त्यांचा समज त्या काळी स्वाभाविक म्हणावा लागेल.

मात्र या ‘अखंडते’ची दुसरी बाजू त्यांना दिसायला हवी होती. जर्मनीत जे विरोधी होते ते चर्चबाहेर पडले आणि त्यांनी आपले चर्च उभे केले. महाराष्ट्रात ज्यांनी बाहेर पडावे असे कारण होते, ते मुळात दाराबाहेरच उभे होते. चोखोबांची समाधी पंढरीच्या महाद्वारासमोर आहे. त्यांच्या समाजाला विठ्ठलमंदिरात प्रवेश मिळाला तो साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ मध्ये. संतांच्या यादीत सर्व जातींची नावे आहेत, काही स्त्रिया आहेत, काही मुसलमान आहेत, हे रानड्यांनी अभिमानाने नोंदवले. यादी आणि गाभारा यांतील अंतर त्यांच्या तुलनेत मोजले गेले नाही. गं. बा. सरदार यांनी १९५० च्या ‘संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ या ग्रंथात संतांच्या कार्याची थोरवी आणि मर्यादा यांची चिकित्सा केली, तेव्हा कुठे या चर्चेला भावुकतेपलीकडचे वळण लागले.

रानड्यांना त्यांच्या हयातीतच विरोध सुरू झाला होता, पण तो दुसऱ्या दिशेने. इतिहासाचार्य राजवाड्यांना संतांनी समाजाला निवृत्तिपर केले असे वाटे. त्यांनी सहिष्णू आणि जयिष्णू असा भेद केला आणि रामदासांच्या महाराष्ट्रधर्माला दुसऱ्या पक्षात बसवले. हा वाद मोठा गाजला. परंतु दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर एकमत होते, ती अशी की, धर्माचे मोल राष्ट्राला त्याचा काय उपयोग झाला यावरून ठरते. राष्ट्र आणि धर्मसंस्था परस्परांना छेदून जातात, एकाच भाषेच्या लोकांना दोन धर्मसंस्था वाटून घेतात आणि तरीही भाषा टिकते, ही जर्मन इतिहासातील खरी गुंतागुंत या वादात कुठेच आली नाही. वास्तविक ती त्या वेळी अगदी जवळ घडत होती. मुंबईत, पुण्यात आणि विशेषतः नगर जिल्ह्यात.

युरोपातील धर्मफुटीचा मराठीशी पहिला संबंध आला तो थॉमस स्टीफन्स याच्या रूपाने. इंग्लंडमधील हा कॅथलिक तरुण एलिझाबेथ राणीच्या राज्यात आपल्या धर्माला जागा नाही म्हणून रोमला गेला, जेजुइट संघात दाखल झाला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरला. मायदेशी चर्च फुटले नसते तर तो बहुधा इंग्लंडातच राहिला असता. साष्टीच्या मुलखात चाळीस वर्षे काढून त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. १६१६ मध्ये ते राशोल येथे छापले गेले, आणि १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा. देवनागरीचे खिळे उपलब्ध नसल्याने मराठीतील हे पहिले मोठे मुद्रित काव्य रोमन अक्षरांत आले. ल्यूथरविरोधी छावणीतील एका सैनिकाने ल्यूथरचेच तत्त्व, म्हणजे लोकभाषेतील धर्मकथा, अंगीकारावे आणि त्यासाठी ज्ञानदेव-एकनाथांच्या ओवीचा आश्रय घ्यावा, हा वाङ्मयेतिहासातील विलक्षण योग आहे. परंतु ही परंपरा फार काळ फुलली नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून स्थानिक भाषा सोडण्यासाठी आणि पोर्तुगीज शिकण्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली. राज्यसत्ता आणि चर्च एकरूप झाल्यावर लोकभाषेचे काय होते, याचे हे उदाहरण. येथे चर्च फुटले नव्हते, एकच होते, आणि नुकसान मराठी-कोंकणीचे झाले.

दुसरा संबंध थेट जर्मनीशी होता. १८५० च्या दशकात मुंबई-पुणे भागातील कॅथलिक मिशन जर्मन जेजुइटांकडे सोपवण्यात आले. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज (१८६९) आणि पुण्याची सेंट व्हिन्सेंट शाळा (१८६७) ही त्यांची कार्ये सर्वपरिचित आहेत. १८७१ मध्ये बिस्मार्कच्या नेतृत्वाखाली जर्मन साम्राज्य स्थापन झाले. ज्या राष्ट्राची तीन शतके वाट पाहिली ते अखेर घडले; पण त्याचे केंद्र प्रॉटेस्टंट प्रशिया होते, कॅथलिक ऑस्ट्रिया बाहेर राहिला होता आणि साम्राज्यातील सुमारे एक-तृतीयांश प्रजा कॅथलिक होती. रोमशी निष्ठा असलेला माणूस खरा जर्मन असू शकतो काय, असा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला. ‘कुल्टुरकाम्प्फ’ अर्थात संस्कृतिसंघर्ष या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धोरणाचा भाग म्हणून ४ जुलै १८७२ च्या कायद्याने जेजुइट संघाला जर्मन भूमीवर बंदी घालण्यात आली. ती १९१७ पर्यंत टिकली. मायदेशात कार्य करण्याचे मार्ग बंद झालेल्या या संघाला परदेशांतील मिशनकार्य अधिकच जवळचे झाले, आणि भारतात त्याचा अर्थ प्रामुख्याने मराठी मुलूख असा होता.

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर, १८७८ मध्ये, ओटो वाइसहाउप्ट हा जर्मन जेजुइट तत्कालीन अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात कार्य करू लागला. तेथे अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून रुजले होते. त्याचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरलाच सुरू झाले होते. ज्या गावांत जेजुइट गेले तेथील महार-मांग वस्त्यांतील अनेक कुटुंबे आधीच प्रॉटेस्टंट मिशनांच्या संपर्कात आलेली होती. त्यामुळे विटेनबर्ग आणि रोम यांचा साडेतीनशे वर्षांचा तंटा राहुरी तालुक्यातील केंदळ-वळणसारख्या गावांत येऊन पोहोचला. ज्यांच्यासाठी पंढरीचे दार बंद होते, त्यांच्यासमोर आता दोन दारे उघडी होती आणि त्या दोन दारांचे आपापसांत पटत नव्हते.

या द्वैताचा भाषेवर झालेला परिणाम स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. येथे दिशा दाखवणे एवढेच शक्य आहे. प्रॉटेस्टंटांकडे छापील बायबल होते. नव्या कराराची मुंबईतील अमेरिकन मिशनची आवृत्ती १८२६ मधील, संपूर्ण मराठी बायबल १८४७ मधील. त्यांच्याकडे बाबा पदमनजींसारखे ग्रंथकार होते, पुढे ना. वा. टिळक आले. त्यांची उपासना प्रारंभापासून मराठीत चाले आणि तिचा कणा गीत हा होता. कॅथलिकांची मिस्सा लॅटिनमध्ये होई, प्रार्थना व गीते मराठीत. ल्यूथरने जर्मन मिस्सा १५२६ मध्ये सुरू केली; मराठी कॅथलिकांना वेदीवरून मराठी ऐकू आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६० च्या दशकात. एका गावात ‘पाळक’ आणि ‘उपासना’, दुसऱ्या वस्तीत ‘फादर’ आणि ‘मिस्सा’. ल्यूथरी ‘ए’प्रमाणे मराठीतही शब्दांना पंथ चिकटले. परंतु एम्सरप्रमाणे येथेही स्पर्धेने भाषेचे भलेच केले. हेन्री डोरिंग या जर्मन जेजुइटाने १९०३ मध्ये ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले. ज्या संघाला स्वतःच्या मायभूमीत बोलायची बंदी होती, त्याच्या एका धर्मगुरूने मराठीत नियतकालिक काढावे आणि त्याने शंभरी ओलांडावी! मराठी नियतकालिकांच्या इतिहासात ‘ज्ञानोदया’ला जागा मिळाली आहे, ‘निरोप्या’ला अजून तितकी मिळालेली नाही. अभ्यासकांनीही या दोहोंकडे दोन चर्चची मुखपत्रे म्हणूनच पाहिले, एका भाषेची म्हणून नव्हे, हे त्यामागील एक कारण असावे.

डोरिंग १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि एक कठोर उपरोध घडून आला. जर्मन साम्राज्याने ज्यांना पुरेसे जर्मन नाहीत म्हणून दूर केले होते, त्यांना ब्रिटिश साम्राज्याने ते जर्मनच आहेत म्हणून शत्रू ठरवले. नगर येथे शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांसाठी मोठी बंदिछावणी उभी राहिली. मुंबई-पुणे मिशनमधील जर्मन धर्मगुरूंवर नजरकैद आली आणि त्यांपैकी बहुतेकांना युरोपात परत पाठवण्यात आले. चाळीस-चाळीस वर्षे मराठीत कबुलीजबाब ऐकणारी माणसे पारपत्रावरील एका शब्दाने परकी ठरली. राष्ट्रीयत्व म्हणजे भाषा, धर्म की जन्मस्थान, हा प्रश्न बर्लिनने एका पद्धतीने सोडवला, मुंबई सरकारने दुसऱ्या. आणि दोन्ही वेळा बळी तोच माणूस होता. डोरिंग यांना १९२१ मध्ये जपानमधील हिरोशिमा येथे पाठवण्यात आले. १९२७ मध्ये ते पुण्याला परतले.

मराठी ख्रिस्ती लेखकांनी स्वतः या फुटीकडे कसे पाहिले, हे अधिक महत्त्वाचे आहे. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन पद्धतीने बाप्तिस्मा घेतला; पण तेथील भगिनींशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात चर्चच्या मतप्रणालीचे जोखड नाकारणारी एक स्वतंत्र बुद्धी पदोपदी दिसते. ब्राह्मणांचे धर्माधिपत्य झुगारून आलेल्या स्त्रीने बिशपांचे का मानावे, हा त्यांचा रोख होता. केडगावला त्यांनी हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करून एकटीने बायबलचे भाषांतर केले आणि ते मुक्तिसदनातील स्त्रियांच्या हातून छापून घेतले. १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, ते पूर्ण स्वरूपात बाहेर आले. मराठीत ल्यूथरशी तुलना करायचीच असेल तर ती एकनाथांशी नव्हे, रमाबाईंशी करावी लागेल. रानड्यांनी रमाबाईंना पुण्यात मदत केली होती, शारदा सदनाच्या वादात ते त्यांच्यापासून दूरही झाले. आपल्या तुलनेतील ल्यूथर समोर उभी आहे हे त्यांना कसे जाणवावे? ती ख्रिस्ती होती, म्हणून ती ‘आपल्या’ धर्मसुधारणेत मोजली जाण्याचा प्रश्न नव्हता.

ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो अमेरिकन मिशनकडून. परंतु तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो ही त्यांची धारणा होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही स्थान होते. कोणत्या चर्चचा, हा प्रश्नच तेथे गैरलागू होता. दोन वर्षांत त्यांचा मृत्यू झाला आणि दरबार विरला. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांनी आरंभलेले महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले व ते १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. ओवीतून ख्रिस्तकथा सांगण्याचा हा मराठीतील दुसरा मोठा प्रयत्न. पहिला कॅथलिक होता, दुसरा प्रॉटेस्टंट. मध्ये तीनशे बावीस वर्षे. दोघांचा छंद एकच, ज्ञानदेवांचा.

१९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ‘क्रिस्तपुराणा’ची देवनागरी आवृत्ती पुण्याहून प्रसिद्ध केली. त्यापूर्वीची, १९०७ ची मंगळूरची आवृत्तीही रोमन लिपीतच होती. म्हणजे रानड्यांपासून टिळकांपर्यंत ज्या पिढ्यांनी मराठी राष्ट्र, मराठी धर्म आणि मराठी वाङ्मय यांची चर्चा केली, त्यांच्यासमोर हा ग्रंथ त्यांच्या लिपीत छापील स्वरूपात कधी आलाच नव्हता. बंडेलूंची प्रत बाहेर पडली त्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन ऐन भरात होते आणि मराठी कोणाची, कुठवरची, हा प्रश्न रस्त्यावर आला होता. वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ज्यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, येथील साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा काही संघटनांनी त्यांच्या निवडीला विरोध केला. विरोधाचे कारण त्यांचे मराठी नव्हते.